आतलं कार्ड, बाहेरची डबी

सगळ्यांचे डबे भरून झाले, घर पांगलं, आणि काकू आतल्या खोलीचं दार लावून घेणार तोच बाहेर टकटक झाली. ही वेळ त्यांची होती. अंध विद्यार्थ्यांसाठी त्या पुस्तकं वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत. तेही कपाट उघडं टाकून, टांगलेल्या कपड्यांत तोंड खुपसून, कारण तिथे आवाज घुमत नाही. काकू कपड्यांना धडे शिकवतात, अशी शेजारपाजारी चेष्टाही चाले.

दारात धाकटे दीर. एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्यात खोकं. आत साउंड कार्ड होतं, कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं.

काकूंचं डोकं तिथेच सणकलं. त्यांनी सांगितली होती ती यूएसबीवर चालणारी बाहेरची डबी, माइक तिच्यात लावायचा आणि ती कॉम्प्युटरपासून लांब ठेवायची. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये डासासारखं काहीतरी गुणगुणायचं, माउस हलवला की जास्तच. पुस्तकं रेकॉर्ड करून घेणाऱ्या केंद्रातल्या बाईंनी त्यापायी इतिहासाचे धडे परत पाठवले होते आणि परीक्षेला बसलेल्या एका मुलीचा अभ्यास त्या पुस्तकावाचून अडला होता. घरच्यांनी निदान केलं, तुमचा घसा बसलाय. काकूंनी गुळण्या केल्या, सगळे धडे नव्याने वाचले. डास जागेवरच.

दीर म्हणाले, बाहेरची डबी कशाला, टेबलावर नुसता वायरींचा गुंता. हे आत बसलं की दिसणारसुद्धा नाही. काकूंनी नवऱ्याला फोन लावला, तर त्यांनीही भावाचीच री ओढली, त्याला कळतं त्यातलं.

या घरात हे नेहमीचंच. काकूंनी मागितलेली वस्तू कधी यायची नाही, ‘त्याहून चांगली’ यायची. हलकी इस्त्री मागितली तर वाफेची आली, ती उचलता उचलता मनगट गेलं. आणि वर आभार मानायचे.

तरी त्यांनी खुर्ची सरकवून जागा करून दिली. दीरांनी कॉम्प्युटर उघडला, कार्ड दाबून बसवलं, शीळ घालत स्क्रू आवळले. काकूंनी पानभर वाचलं आणि हेडफोन कानाला लावला. डास होता. जरा बारीक झाला होता, पण होता. पंखा, पॉवर सप्लाय, विजेची सगळी वटवट त्याच पोटात, आणि नवं कार्ड तिच्या मांडीला मांडी लावून बसलेलं.

त्यांनी हेडफोन दीरांच्या कानावर चढवला. दीरांनी डोळे मिटून ऐकलं.

“आहे खरं काहीतरी. पण वहिनी, इतकं बारीक कोण ऐकतंय?”

“जिला ते पुस्तक डोळ्यांनी वाचता येत नाही, ती ऐकते. दिवसच्या दिवस. आणि भाऊजी, तुमच्या सगळ्यांच्या नादाने मी इतके दिवस स्वतःच्या गळ्याला बोल लावला.”

दीर जरा वरमले. मग त्यांना सुचलंच, की याच्याहूनही भारी कार्ड मिळतं, संध्याकाळी बघून येतो.

काकूंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आवाज मात्र चढला नाही. धडा वाचावा तितकाच स्पष्ट निघाला.

“भारी नको. हे कार्ड परत करा आणि मी सांगितली होती, तीच डबी आणून द्या.”