एमआरआयमध्ये घातलेलं गाऱ्हाणं

मला भीती वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. खरं म्हणजे रत्नागिरीच्या त्या एमआरआय सेंटरच्या पायऱ्या चढतानाच मला परत फिरावंसं वाटत होतं. सोबत बाबा होते. त्यांच्यासमोर घाबरायची आमच्या घरात पद्धत नाही.

माझी टाळू जन्मतःच दुभंगलेली. तान्हेपणी ती शिवली, त्यामुळे पेज नाकातून यायची थांबली. बोलणं मात्र नाकातच राहिलं. शाळेत त्यावरून पोरांनी माझा जो छळ केला, त्याबद्दल मी अजून कुणाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

पण आता प्रश्न शाळेचा नव्हता. आमचं गाव संगमेश्वरच्या आतल्या बाजूला. देवळापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. बाबांचा आवाज थकला, थोरला भाऊ मुंबईत नोकरीला, म्हणजे मान माझ्याकडे येणार. गेल्या शिमग्याला बाबांनी मला पुढे केलं. पहिलं मागणं संपवून मी थांबलो, आणि प्रत्येक मागण्यानंतर गावाने द्यायचा ‘व्हय म्हाराजा’ हा होकार आलाच नाही. मागणं कुठे संपलं तेच लोकांना कळलं नव्हतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, “जोर लाव जरा. आळस करतोस तू बोलायला.” हे मी लहानपणापासून ऐकत आलोय.

मग मी डॉक्टर गाठले. ते म्हणाले, बोलताना टाळू वर उचलली जाते आणि घशाच्या मागच्या भिंतीला टेकते. तुझी टेकते का ते हलत्या चित्रात बघू. टाळू आणि घसा हलत असतील तर पुन्हा ऑपरेशन करून फायदा होईल. “आणि हलत नसतील तर?” मी विचारलं. त्यांनी कागदावर एमआरआय लिहून दिला. तेव्हापासून माझी झोप उडाली.

सेंटरमध्ये अंगठी काढली, चांदीची कडी असलेला करगोटा काढला. डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं, हातात रबरी फुगा दिला, घाबरलात तर दाबा म्हणाले. मला तो लगेचच दाबायचा होता. उताणं पडलं की माझी थुंकी नाकाकडे चढते आणि जीव गुदमरतो. फळी मशीनच्या बोगद्यात सरकली. छत नाकाला लागतंय की काय असं वाटलं. मग ठकठक सुरू झाली, आणि त्यातून काचेपलीकडे बसलेल्या तंत्रज्ञ बाईंचा आवाज स्पीकरवर आला, “पा पा पा म्हणा. डोकं हलवू नका.”

माझ्या तोंडून काही येईना. पुन्हा म्हणाल्या, “का का का.” आता हे चित्र काळं येणार, माझा घसा मेलेला आहे असं ठरणार, आणि गावासमोर मी जन्मभर मुका राहणार. मी फुगा दाबणार इतक्यात त्या म्हणाल्या, “बरं, पाठ असलेलं काहीही म्हणा. पण बोला.”

पाठ म्हणजे मला एकच गोष्ट पाठ होती.

“बा देवा म्हाराजा,” मी सुरू केलं. “आज ह्ये तुजं लेकरू तुज्या पायाशी आलंय, त्याची राखण कर रे म्हाराजा...” आणि त्या ठकठकाटातून बाबांचा घोगरा आवाज आला, “व्हय म्हाराजा!” काचेपलीकडे बाईंच्या शेजारी बसून ते त्यांच्या माइकवर ओरडले असणार. मी पुढचं मागणं घातलं. बरोबर संपलं तिथे पुन्हा, “व्हय म्हाराजा!” भीती गेली नाही, पण मी बोलत राहिलो.

नंतर डॉक्टरांनी आम्हाला दोघांना चित्र दाखवलं. माझाच चेहरा, बाजूने कापल्यासारखा, करडा. प्रत्येक शब्दाला टाळू उठत होती, भिंतीपाशी जात होती आणि तांदळाच्या दाण्याएवढं अंतर राहिलं की खाली पडत होती. पुन्हा उठत होती. बाबा चष्मा पुसून पुसून बघत होते.

“दर टायमाला उठतेय वो ही,” ते डॉक्टरांना म्हणाले. “पोचत न्हाय, तरी उठतेय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आन मी ह्याला आळशी म्हनत व्हतो.”

ऑपरेशन करता येईल, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर झोपेत श्वासाला थोडा त्रास होऊ शकतो, आणि आवाज सुधारेलच अशी हमी नाही. मी मान डोलावली.

परतीच्या एसटीत मीच विचारलं, “बाबा, ऑपरेशन करूनही नाही सुधारला आवाज, तर?”

“तर मी तुज्या बाजूला उभा ऱ्हाईन,” बाबा म्हणाले. “तुजं मागनं कुठं संपतं ते मला कळतंय. पैला व्हय मी म्हनीन, मंग गाव म्हनंल.”