टॉवेलाखालचा आकडा

महंमदभाई कुणावर विश्वास ठेवत नाही, हे इंदापूरच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. दुधाची शेळी म्हणून कुणी पुढं केली की हा आधी कास बघत नाही, मालकाचं तोंड बघतो. चहा पाजला तर विचारतो, "आज चहा का?" मी जोतीराम, बाजाराच्या फाटकाजवळ दावी आणि घुंगरं विकायला बसतो. आमची दोस्ती इतकी जुनी, तरी माझ्याकडून घेतलेलं दावं तो अजून दोनदा ओढून बघतो.

दलालीत मात्र त्याचा हात धरणारा कुणी नाही. आमच्याकडं जुन्या माणसांचा सौदा टॉवेलाखाली होतो. दोघांचे हात टॉवेलाखाली, आणि एकानं दुसऱ्याची बोटं दाबायची. जितकी बोटं तितका आकडा, आख्खा पंजा म्हणजे पाच. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा चालू ठेवायच्या. आकडा तोंडातून बाहेर पडला की शेजारच्याला कळतो आणि भाव पडतो. त्याचा पोरगा सोहेल मोबाइलवर फोटोखाली भाव टाकून मोकळा होतो, पण महंमदभाईनं उभ्या बाजारात कधी आकडा उच्चारला नाही.

असा हा माणूस गेल्या उन्हाळ्यात भर बाजारात मटकन खाली बसला. छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या आल्या, सदरा घामानं चिंब. टेम्पोत घालून बारामतीला नेला. छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं, हृदयाची सोनोग्राफी केली. काळीज ठणठणीत निघालं. त्यावर खूश व्हायचं सोडून हा चिडला. "कायतरी लपवत्यात," म्हणाला. दुसऱ्या डॉक्टरांकडं गेला, त्यांनीही तेच सांगितलं. पुढं आणखी दोन बाजारी तसंच झालं आणि त्यानं बाजारात यायचंच सोडलं. घरात कुणी विचारलं की एकच उत्तर, "पित्त हाय." त्याची बायको, वहिदाभाभी, बिचाऱ्या रोज सब्जा भिजवून द्यायच्या. बाजार म्हणजे या माणसाचा जीव. तो ओट्यावर बसून वाळत चाललेला मला बघवेना.

त्या दुसऱ्या डॉक्टरांनीच बारामतीतल्या मेहजबीन मॅडमचं नाव सुचवलं होतं. सुईबिई नाही, बोलून उपचार करतात. त्याला सीबीटी म्हणतात, असं मी महंमदभाईला सांगितलं.

"सीबीआय?"

"सीबीटी."

"एकच की. दोघंबी नुसते प्रश्नच इचारत असणार. माजं डोकं फिरलंय काय जोत्या?"

"डोकं न्हाय फिरलं, पण बाजार सुटलाय," मी म्हणालो. हे त्याला लागलं. तो यायला तयार झाला, पण मी शेजारी बसायचं या अटीवर. साक्षीदार म्हणून!

मॅडमच्या खोलीत तीन खुर्च्या आणि एक पंखा. महंमदभाईनं आधी छताचे चारही कोपरे बघितले, कॅमेरा आहे का म्हणून. समोर ठेवलेलं पाणी प्यायला नाही. मग गाव विचारलं.

"सुपे," मॅडम म्हणाल्या.

"मग संपलंच. निम्मं सुपं माज्याकडनं बकरी घेतं. म्या हितं शिंकलो तर तितं कळंल."

"इथलं बोलणं मी बाहेर नेत नाही. कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच सांगावं लागतं, आणि ते शक्यतो तुम्हाला सांगूनच."

खरं सांगतो, मलाही ती पोरगी फार तरणी वाटली. सोहेलच्याच वयाची असेल. पण समजावलं तिनं सरळ. छाती धडधडते, आपल्याला वाटतं आता मरतो, त्या विचारानं धडधड आणखी वाढते, मग विचार खराच वाटायला लागतो. हा फेरा कुठं तोडता येतो ते दोघांनी मिळून शोधायचं. आठवड्यातून एकदा यायचं, काही महिने. मधल्या दिवसांत घरी करायला काम. आणि सुरुवातीला बरं वाटण्याऐवजी जास्त त्रासही वाटू शकतो, हेही आधीच सांगून टाकलं.

"म्हंजे काम म्या करायचं, तरास म्या काढायचा, आन फी तुमी घ्यायची?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

एवढं सरळ उत्तर त्याला बाजारात कधी मिळालं नव्हतं. त्यानं जरा सावरून बसत विचारलं, "गोळी?"

"गोळी द्यायची का ते डॉक्टर ठरवतील. माझ्याकडं बोलायचं आणि करून बघायचं. आता मला सांगा, छाती धडधडते तेव्हा भीती किती वाटते? शून्य म्हणजे अजिबात नाही, शंभर म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही."

झालं. दलालाला आकडा विचारला!

"तुमीच सांगा," महंमदभाई म्हणाला.

"मला कसं कळणार? भीती तुमची आहे."

"अंदाज करा की."

"तुम्ही सांगा."

"आधी तुमी."

बराच वेळ हे चाललं. शेवटी त्यानं ओठांतल्या ओठांत "ईस" म्हटलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, खरा किती? तो माझ्यावरच डाफरला. "पयला आकडा कुणी खरा सांगतं व्हय? जास्त सांगितला तर येड्यात काढंल, न्हायतर फी वाढवंल."

पुढच्या खेपेला मॅडमनी घरचं काम दिलं, आणि तिथं त्याचा संशय पार शिगेला पोचला. जिना भराभरा चढायचा, छाती धडधडू द्यायची, आणि मग शांत बसून काय होतं ते बघायचं. डॉक्टरांना विचारूनच सांगत होत्या त्या. "बाई मला मारायला निगालीय," हा टेम्पोत म्हणाला. तरी घरी गेला आणि चढला. कदाचित तिला खोटं पाडायला चढला असेल. धडधड झाली आणि थोड्या वेळानं आपोआप उतरली. हा मेला नाही. पण जिन्यावर पळणारा नवरा बघून वहिदाभाभींच्या तोंडचं पाणी पळालं. पित्तावर हा कसला इलाज?

हे ऐकून मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला चालत असेल तर पुढच्या वेळी त्यांनाही आणा." वाटेत तो टेम्पोवाल्यावरच खेकसत राहिला. पण पुढच्या आठवड्यात भाभीही टेम्पोतून आल्या; ती दोघं आत बसली आणि मी बाहेर बाकावर. आत काय घडलं ते नंतर त्यानंच मला सांगितलं.

मॅडमनी पुन्हा आकडा विचारला. भाभी म्हणाल्या, "पित्ताला कसला आलाय आकडा?" तेव्हा यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, बायकोच्या हातावर टाकला आणि त्याखाली तिचा हात धरला. दहाच्या हिशेबानं आधी आख्खा पंजा दाबला. मग चार बोटं. दलालाच्या बायकोला ही भाषा शिकवावी लागत नाही.

भाभी पदरानं डोळे पुसतच बाहेर आल्या. "नव्वद, जोतीभाऊ," म्हणाल्या. "परत्येक येळी ह्यास्नी वाटायचं आत्ता मरतो. आन मी सब्जा भिजवत बसले."

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. एवढं मोठं ओझं घेऊन हा माणूस आमच्यासमोर ओट्यावर बसत होता!

तिथून काम खरं सुरू झालं. मॅडमनी बाजार तुकड्यांत वाटून दिला. आधी नुसतं माझ्या दुकानापर्यंत यायचं, चहा घ्यायचा आणि भीती उतरेपर्यंत थांबायचं. पहिल्या वेळी तो कप तसाच टाकून पळाला आणि घरी जाऊन मॅडमला लाखोली वाहिली. मॅडम म्हणे रागावल्या नाहीत, पळताना मनात काय आलं तेवढंच विचारलं. त्याला त्यातही डाव दिसला. पण पुढच्या बाजारी आला, त्याच्या पुढच्याही आला.

मग आत जायचा दिवस उगवला. भाभी बरोबर आल्या. आमच्या बाजारात बाया क्वचितच आत येतात, त्यामुळं सगळे टकामका बघत होते. फाटकातून चार पावलं आत गेला आणि महंमदभाईचा चेहरा पांढराफटक. मी उठणार होतो, पण भाभींनी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून हातावर घेतला. टॉवेलाखाली आकडा आला, नव्वद; आतले आकडे मला भाभींनी मागाहून सांगितले. दोघं तिथंच उभी राहिली. शेळ्या ओरडत होत्या, माणसं धक्के मारून जात होती. थोड्या वेळानं सत्तर. कुणीतरी हाळी दिली, "काय महंमदभाई, भाभीला बकरी इकताय व्हय?" हा हसला नाही, पण हललाही नाही. मग चाळीस.

त्यानं हात सोडवून घ्यायला बघितलं. भाभींनी सोडला नाही. उलट त्याची बोटं त्यांनी दाबली. आख्खा पंजा, आणि पुन्हा आख्खा पंजा.

"शंभर? ह्यो कशाचा?"

"माजा," भाभी म्हणाल्या. "तुमी बाजारात पडल्यापास्नं, पित्त म्हनत व्हता तरी, रोज राती तुमच्या नाकाशी हात धरून बगायची, श्वास चालू हाय का न्हाय. मला कुणी आकडा इचारलाच न्हाय."

महंमदभाईनं टॉवेल काढून खांद्यावर टाकला. आजूबाजूला दलाल उभे होते, गिऱ्हाईकं उभी होती, मी तर पुढ्यातच होतो.

"माजा चाळीस," तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला. "आता तुजा किती हाय त्यो सांग."