हात आधी वर झाला होता

माझे बाबा हिंगण्याच्या एका कारखान्याची बस चालवायचे आणि माझे मामा वाहतूक पोलिसात होते. त्यामुळे आमच्या घरी रस्त्यावरून वाद नेहमीचाच. मामाजी जेवायला आले की पहिल्या घासाबरोबर सुरुवात व्हायची.

"ड्रायव्हर लोकांले रस्ता आपल्या आंगणावानी वाटते, भाऊजी."

"आन् तुमाले शिट्टी भेटली की समोरचा माणूसच दिसत नाही."

आई दोघांना वाढत राहायची. एकाची ती बायको, एकाची बहीण. ती कोणाचीच बाजू घेत नसे.

बाबांच्या घरचे लोक पूर्वीपासून विणकर. हातमागाचं काम कमी होत गेलं तेव्हा बाबांनी मोटार शिकून लायसन काढलं. गाडी त्यांनी जीव लावून चालवली. बसमधले कामगार त्यांना उस्ताद म्हणायचे. मॅट्रिकनंतर मी टायपिंग शिकले आणि सत्तरच्या दशकात त्याच कारखान्याच्या ऑफिसात लागले. जायची बाबांच्याच बसने. त्यांच्या पाठीमागची सीट माझी असे आणि तिथून समोरचा सगळा रस्ता दिसायचा.

उन्हाळ्यातली एक सकाळ होती. मागे बसलेला एक फिटर बाबांना काहीतरी विचारत होता आणि बाबा मान जराशी वळवून उत्तर देत होते. पुढे चौक होता. चौकातल्या तरुण शिपायाने आमच्या बाजूला हात वर केला. तो मी पाहिला. बाबांना दिसला तेव्हा बस चौकात शिरली होती. आडव्या रस्त्याने येणारा दूधवाला कसाबसा सायकल सावरून बाजूला झाला. बाबांनी कचकन ब्रेक मारला.

शिपाई धावत आला, पायरीवर चढला आणि आत हात घालून त्याने गाडीची किल्ली काढून घेतली. "अबे, उतर खाली. आंधळा हायेस का बे?" असं म्हणत त्याने बाबांची कॉलर धरली.

सगळी बस उभी राहिली. मागून कोणीतरी ओरडलं, "खाली ओढा त्याले." दोघेतिघे बाह्या सरसावून दाराकडे निघालेही. बाबा खाली उतरले होते. ते तसेच, कॉलर शिपायाच्या मुठीत असताना, मागे वळले.

"कोणी उतरायचं नाही," ते म्हणाले. "वर्दीवर हात टाकणारा माह्या गाडीत बसणार नाही."

मग शिपायाकडे पाहून शांतपणे बोलले, "साहेब, माहं चालान करा. पण कॉलर सोडा आन् अबे म्हणू नका. माही पोरगी बसली हाये गाडीत."

शिपायाने माझ्याकडे पाहिलं. कॉलर सोडली. त्याने चालान केलं आणि किल्ली बाबांच्या हातात न देता सीटवर टाकली. ती उचलून बाबा पुन्हा गाडीत बसले. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त मला वाटत होतं की सगळ्या गावाला सांगावं, हे माझे वडील आहेत.

संध्याकाळी मामाजी आले. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती. अंगणात खाटा टाकलेल्या होत्या.

"चौकात पोलिसाशी हुज्जत घातली म्हणते तुमी?"

"हुज्जत नाही गा. त्यानं हात वर करायच्या आधी माही गाडी चौकात होती. उगाच धरलं मले."

"उगाच कोणी धरत नाही."

वाद वाढत गेला. शेवटी मामाजी माझ्याकडे वळले. "तू होती ना वं बसमध्ये? सांग, काय पाहिलं?"

अंगणात मोठी माणसं बोलत असताना मुलींनी मधे बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. मी आईकडे पाहिलं. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाहिलं तसं सांग."

"हात आधी वर झाला होता, बाबा," मी म्हणाले. "तुमी मांगं बोलून राहिले होते."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "पक्कं पाहिलं तू?"

"हो."

मामाजींनी मांडीवर थाप मारली. "आयका, भाऊजी."

"माहं झालं नाही, मामाजी," मी म्हणाले. "बाबांनी गाडी थांबवली होती. ते पळून नव्हते चालले. तरी त्यानं कॉलर धरली. बाबांपेक्षा तो किती लहान होता."

"दिवसभर उन्हात उभं राहून पाह्य बरं तू. डोकं तापते माणसाचं."

"बाबा इंजिनापाशी बसतात. त्यांचं नाही तापत?"

मामाजी काही बोलणार तेवढ्यात आईने सूप खाली ठेवलं. "ह्यायनं चूक केली, ह्यायचं चालान झालं. कॉलर धरली, त्याचं चालान कोण करते?"

मामाजींनी विडी काढून पेटवली. मला वाटलं, आता बाबा आपल्यावर रागावणार. पण जेवताना त्यांनी स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात वाढली.

दुसऱ्या दिवशी चौकाच्या अलीकडे त्यांनी बस बाजूला लावली आणि चालत त्या शिपायाकडे गेले. बसमधले सगळे खिडक्यांशी आले. बोलणं ऐकू येत नव्हतं. बाबा काहीतरी सांगत होते, शिपाई आधी ताठ उभा होता, मग त्याची नजर खाली गेली. परत आल्यावर फिटरने विचारलं, "काय म्हणे तो, उस्ताद?"

"मी म्हटलं, चूक माही होती, हात वर झाला होता, मी पाहिला नाही. तो म्हणे, काका, माहा हात चालला ते बरं नाही झालं." बाबांनी गाडी सुरू केली. "तुमाले कसं समजलं, असंही विचारलं त्यानं. मी म्हटलं, पोरीनं सांगितलं."

बसमधले सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी मान ताठ ठेवून समोर रस्त्याकडे बघत होते.

मामाजींनी ही गोष्ट पोलीस लाइनीत कोणत्या तऱ्हेने सांगितली कोण जाणे. पण पुढे एकदा त्यांच्या चौकातून जाताना मी पाहिलं, एका टांगेवाल्याला त्यांनी अडवलं होतं आणि आवाज चढवून ते म्हणत होते, "भाऊ, तुमी काहून ऐकत नाही?" आवाज तोच, चढलेला. फक्त 'अबे'च्या जागी आलेलं 'तुमी' नवीन होतं.