गुरुवारचा बायस

गिटारचा आवाज मोठा करणारे जुने, काचेच्या ट्यूबवाले अॅम्प दुरुस्त करणारा माणूस कासारवाडीत एकच, ज्योतीरामकाका. मूळचे लातूरकडचे, चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला एकतीस वर्षं. स्वभाव हट्टी, आणि उजवा कान प्रेस शॉपच्या धडधडाटानं कामातून गेलेला. पिंपरी कॅम्पातल्या साऊंडच्या दुकानाचा मालक सनी गिऱ्हाइकांना हसत सांगायचा, "ऐकू येत नाही, आणि काका आवाज लावणार!" हे काकांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

त्यात ऋचाचा अॅम्प आला. आयटीतली नोकरी सांभाळून ती गिटार वाजवते. नव्या पॉवर ट्यूब घालून काकांनी बायस लावला. गाडी सिग्नलला बंद पडू नये म्हणून आपण रेस लावून ठेवतो ना, तसंच हे. कुणी वाजवत नसतानाही ट्यूबमधून थोडा करंट वाहता ठेवायचा. कमी पडला तर हळू वाजवलेला सूर किरकिरतो. जास्त झाला तर आवाज गिचमिड होतो आणि ट्यूब लाल होऊन मरते.

काकांच्या खोलीत आवाज असा गोल निघाला की शेजारीण हातातलं काम टाकून दारात आली. दुसऱ्या दिवशी ऋचाचा फोन, "काका, किरकिरतोय." पुढच्या सुट्टीला पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेनंतर ती चाचरत म्हणाली, "शनिवारी चिंचवडला माझा पहिला एकटीचा कार्यक्रम आहे. नाहीतर मी सनीकडून भाड्यानं घेते. वाईट वाटून घेऊ नका हं."

वाईट कसं वाटणार नाही? आपला डावा कानही गेला की काय, अशी भीती काकांना आयुष्यात पहिल्यांदा वाटली.

शनिवारी सकाळी ते कंपनीत पॅनेलवरचं व्होल्टेज रजिस्टरात लिहीत होते. हे काम ते वर्षानुवर्षं डोळे झाकून करत आलेले. आज मात्र मागची पानं चाळली आणि त्यांनी कपाळावर हात मारला. दर गुरुवारी, बदलीच्या माणसाच्या अक्षरात, आकडा चढलेला! गुरुवारी पट्ट्यातले बरेच कारखाने बंद, म्हणून लाइनवर ओढ कमी. काकांची सुट्टीही गुरुवारीच, आणि बायस ते लावायचे सुट्टीला. चढ्या व्होल्टेजवर ट्यूब तापू नये म्हणून करंट आखडता ठेवायचे. दुसऱ्या दिवशी कारखाने सुरू झाले की व्होल्टेज उतरायचं आणि आधीच कमी असलेला करंट आणखी पडायचा. कानाचा बिचाऱ्याचा काय दोष?

ऋचाला तिचाच अॅम्प आणायला सांगून, हाफ डे टाकून काका मीटर घेऊन थेट हॉलवर. साऊंडवर सनीच होता.

"काय काका, येतंय का ऐकू?"

"मीटरला येतंय की," काका म्हणाले.

त्यांनी हॉलच्याच लाइनवर अॅम्प तापवला. आत चारशेच्या वर व्होल्ट, झटका छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात सवयीनं खिशात. उजव्या हातानं बारका स्क्रू केसभर फिरवत गेले. "वाजवा ताई, अगदी हळू." किरकिर. आणखी केसभर. मग तार अशी भरून बोलली की ऋचा वाजवायचीच थांबली आणि खळखळून हसली.

संध्याकाळी काका डावा कान स्टेजकडे करून पहिल्या रांगेत बसले. शेवटचा सूर ऋचानं जेमतेम छेडला. तो विरत विरत गेला, कुठे ओरखडा नाही, आणि तो संपेपर्यंत हॉलमध्ये कुणी हललं नाही. मग टाळ्यांचा नुसता कडकडाट. काकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

सनी खुर्च्यांमधून वाट काढत आला. "काका, दुकानात माझे तीन अॅम्प असेच किरकिरतायत. कधी घेऊन येऊ?"

"गुरुवार सोडून कधीबी ये," काका म्हणाले.