मिसोत घातलेलं मीठ

अक्काची चव गेली हे घरात सगळ्यात आधी मला कळलं. मी कुणाला सांगितलं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी मुरुडहून लग्न होऊन लातूरच्या या घरात आले, तेव्हा तिने मला विळी दाखवली आणि म्हणाली, "चिरायचं काम तुझं." ते काम मी पंचेचाळीस वर्षं केलं. चिरलं, निवडलं, वाटलं, खरकटं काढलं. फोडणी तिची, मीठ तिचं. येणारा-जाणारा हात धुता धुता म्हणायचा, काय हात आहे अक्कांचा! तिच्या हातात जे पडायचं ते सगळं माझ्या हातून गेलेलं असायचं, पण वाटणाऱ्या बाईचं नाव कोण घेतो.

दोघींचे नवरे गेले. आडत दुकान आता तिचा मुलगा बघतो. मला एकच मुलगी, ती नायगावला दिलेली. म्हणजे मी पुतण्याच्या घरात राहते. पुतण्याची बायको शाळेत शिकवते, सकाळीच बाहेर पडते, तिला स्वयंपाकघर नकोच होतं. उरलो आम्ही दोघी. मला ते स्वयंपाकघर पाहिजे होतं. मरायच्या आधी चार दिवस का होईना, माझ्या हातचं म्हणून लोकांनी खावं, एवढंच. हे सरळ लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी घरातली सगळी आजारी पडली. सगळ्यांचा वास आणि चव गेली आणि महिना-दीड महिन्यात परत आली. अक्का पण म्हणाली, आली. मग एक दिवस मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि मला तिथं करपल्याचा वास आला. आत गेले तर अक्का गॅसच्या शेजारीच भाकरी थापत उभी.

"अक्का, दूध!"

"हाय ध्यानात," ती म्हणाली आणि गॅस बंद केला. पातेल्याचं बूड काळंठिक्कर झालं होतं.

दुसऱ्या आठवड्यात तिने वरणाची पळी माझ्यापुढं धरली. "बघ गं, मीठ बरोबर हाय का."

इतक्या वर्षांत हे तिने मला कधी विचारलं नव्हतं. मी चाखलं. मीठ अगदी बरोबर होतं. एवढ्या डाळीला एवढी चिमूट, हे तिच्या बोटांना पाठ होतं, त्याला जीभ लागत नव्हती. पण तिचा स्वतःवरचा भरवसा गेला होता. मी म्हणाले, "जरा कमीच हाय." तिने घातलं. त्या दिवशी सगळ्यांनी वरणाला डबल भात घेतला आणि पाणी जास्त प्यायलं. मला बरं वाटलं.

मग मी हे अधूनमधून करायला लागले. रोज केलं असतं तर तिने ओळखलं असतं, ती काही येडी नव्हती. तिने एक युक्ती काढली होती. जेवताना ती कुणाच्या तोंडाकडे बघायची नाही, हाताकडे बघायची. हात मिठाच्या वाटीकडे गेला की समजायची, कमी पडलं. कुणाचाच गेला नाही की निवांत भाकरी मोडायची.

असं चाललं होतं, तेवढ्यात घरात नातसून आली. अक्काच्या नातवाची बायको, पुण्याची. नातू दुकानात बसायला लागला म्हणून दोघं लातूरला आले. ती वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करते आणि दुपारी वाडगाभर कच्चा पाला खाते. येताना तिने एक डबा आणला होता. त्यात तपकिरी लगदा, रंगाने ओल्या पेंडीसारखा. तिने झाकण उघडलं तसं पुतण्याने नाकाला दस्ती लावली.

"हे मिसो," ती म्हणाली. "जपानमध्ये करतात. सोयाबीनच आहे, महिनोन्‌महिने आंबवलेलं. याचं ड्रेसिंग करायचं."

ड्रेसिंग म्हणजे मला दवाखान्यातली मलमपट्टी वाटली. ती म्हणाली, पाल्यावर घालायचा रस.

"सोयाबीन?" पुतण्या म्हणाला. "आपल्या दुकानातून ट्रकच्या ट्रक जातंय ते? बाई, ते आपण तेलाला न् पेंडीला देतो. घरात कुणी तोंडात घातलं न्हाई आजवर."

सगळे हसले. अक्काने डबा नाकाशी नेला आणि म्हणाली, "चांगला हाय की वास."

पोरगी जाऊन तिच्या गळ्यातच पडली. "मोठ्या आजी, या घरात तुम्ही एकट्याच मॉडर्न आहात!"

मला सगळं माहीत होतं. तोंड उघडलं असतं तर अक्काला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं असतं, सगळ्यांनी हळहळ केली असती आणि फोडणी तिच्याच हातात राहिली असती, माझी जीभ उसनी घेऊन. ते मला नको होतं.

पोरीने पहिल्या दिवशी तो रस केला तो असा: मिसो, किसलेलं आलं, व्हिनेगर, मध आणि बाटलीतलं काळपट तिळाचं तेल. कोबी, काकडी, गाजरावर ओतला. व्हिनेगर नाकात गेलं, आल्याचे दोरे दातात अडकले. मी म्हणाले, "पोरी, आमच्याकडं घोळाणा असतो. कोवळी मेथी, पातीचा कांदा, शेंगदाण्याचा कूट, वरून कच्चं करडीचं तेल. तुझं हे त्याच्याच जातीतलं हाय. फक्त वरचं नीट करायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ती वर कामाला गेल्यावर मी करून बघितलं. मिसो आधी चमचाभर कोमट पाण्यात मोडून घेतला, नाहीतर गुठळ्या राहतात. आलं किसून मुठीत पिळलं, रस तेवढा घेतला, चोथा चहात टाकला. व्हिनेगरच्या जागी लिंबू. मधाच्या जागी काकवी, अर्धा चमचा. तेल करडीचं. शेवटी भाजलेले तीळ भरडून. मीठ अजिबात नाही, कारण मिसो मुळात लोणच्याच्या खाराइतका खारट असतो. वर कोबीत मूठभर मेथी चिरून टाकली. चाखलं आणि मी ओट्याशी तशीच उभी राहिले. आंबट, गोड, तिखट, खारट, सगळं आपापल्या जागी होतं. जन्मात पहिल्यांदा एखादी चव मी स्वतः ठरवली होती.

पोरीने दुपारी खाल्लं, कुणी केलं ते विचारलं नाही. "आई गं, हे माझ्यापेक्षा भारी झालंय!" संध्याकाळी तिने सगळ्यांना वाढलं आणि म्हणाली, "आज हे आजींनी केलंय."

घरात आजी दोन. पण सगळे अक्काकडेच वळले. पुतण्या म्हणाला, "आईच्या हातात काय बी द्या. सोयाबीनचं बी सोनं करती."

अक्का नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. भाकरी मोडत राहिली. मी तिच्या समोर बसले होते.

पुढं महिन्याभराने पोरीची आई पुण्याहून यायची होती. पोरीने फोनवर सांगून टाकलं, मोठ्या आजी तुला आमचं स्पेशल सॅलड करून घालतील. त्या दिवशी सकाळी अक्का माझ्याजवळ आली. मी मेथी निवडत होते.

"ते कसं करतीस गं? माप सांग."

तूच कर, असं ती म्हणू शकली असती. म्हणाली असती तर मी केलं असतं, आणि हे लिहायची वेळ आली नसती. पण पाहुणी स्वयंपाकघरात डोकावणार होती आणि तिला ओट्याशी अक्काच दिसायला पाहिजे होती.

मी माप सांगितलं. दोन मोठे चमचे मिसो, कोमट पाणी, आल्याचा रस, लिंबू, काकवी, तेल. एक अक्षर खोटं सांगितलं नाही.

"आन् मीठ?"

"कोशिंबिरीला घालतो तेवढं."

"त्या लगद्यात मीठ नसतंय का?"

"आळणी हाय तो," मी म्हणाले.

तिने घातलं. हात तिचाच, माप नेहमीचं, एक दाणा इकडं-तिकडं नाही. मग ढवळून चमचा माझ्यापुढं धरला. मी तोंडात घेतलं. जिभेला चटका बसल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं. गिळलं.

"झालंय बरोबर."

पानं वाढली. पाहुणीने पहिला घास घेतला, थांबली, आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. पुण्याची शिकलेली बाई, म्हणाली, "अगदी वेगळंच आहे हो." अक्का तिच्या हाताकडे बघत होती. हात मिठाच्या वाटीकडे जात नव्हता. कुणाचाच जात नव्हता. अक्काचा चेहरा उजळला.

"आवडलं का? घ्या अजून."

"नको, नको, पुरे..."

"लाजता काय, घरचंच हाय." आणि तिने नको नको म्हणता पाहुणीच्या ताटात ढीग वाढला. तेवढ्यात पुतण्याने पहिला घास घेतला आणि तो तसाच ताटाच्या कडेला काढला.

"आई! मिठाचं पोतं उपडं केलंस काय?"

अक्काने आपल्या ताटातलं उचललं. चावलं, गिळलं. "चांगलं तर झालंय." आणखी एक घास घेतला. सगळे बघत होते. मग आणखी एक. तिला वाटत होतं, मुलगा थट्टा करतोय. तिने सगळं संपवलं आणि मगच वर बघितलं.

सुनेने हळूच विचारलं, "आई, तुम्हाला चव लागत नाही का?"

पाहुणी म्हणाली, "होतं हो वयाप्रमाणे, मनाला लावून घेऊ नका." तिच्या आवाजातली दया अक्काला लागलेली मी बघितली. वाटलं, झालं. उद्यापासून ओटा माझा.

पण अक्काने माझ्याकडे मान वळवली आणि शांतपणे म्हणाली, "लागत न्हाई. तीन वर्षं झाली. म्हणून तर रोज हिला चाखवते. आज बी चाखवलं. इचारा. ही म्हणली, बरोबर हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काकू, तुम्ही चाखलंत?" पुतण्याने विचारलं.

मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "तिला रागं भरू नका. धाकटीला पहिल्यापासूनच चवीचं कळत न्हाई. नवी आली तेव्हाच वळखलं मी. नाहीतर पंचेचाळीस वर्षं फोडणीला हात लावू दिला नसता का?"

तिला सगळं कळलं होतं. मी आळणी म्हणाले ते, आणि आधीचंही, वरणापासूनचं. तिने माझ्यापुढं दोनच वाटा ठेवल्या. जीभ शाबूत आहे म्हणून सांगायचं, तर मी ते विष चाखून तुम्हाला वाढू दिलं, हे सांगायला पाहिजे. आणि ते सांगितल्यावर नायगावची गाडी. जावयाच्या घरात, दारामागच्या पलंगावर.

"मला तर बरोबर लागलं," मी म्हणाले.

पोरगी मला न्याहाळत राहिली. मी केलेला रस तिने खाल्ला होता. पण ती पुन्हा अक्काकडे बघायला लागली. तोही अक्कानेच केला असेल, असंच तिला वाटलं असावं.

"मग दोघी बी बसा आता," पुतण्या म्हणाला. "लई राबलात. बाई ठेवू."

बाई ठेवली. नांदेडकडची आहे, तरणी, झपाझप काम करते. पोळ्या बऱ्या करते. भाजीत मीठ कधी जास्त, कधी नाहीच. आमटीला आंबट विसरते. तिखट तेवढं भरपूर. अक्का आणि मी समोरासमोर बसतो. अक्काला काही लागत नाही, ती पोटभर जेवते, आणखी मागून घेते. मला सगळं लागतं. पहिल्या आठवड्यात मी एकदा म्हणाले, आज आमटी आळणी हाय. बाई पुतण्याच्या बायकोकडे बघून हसली. सून म्हणाली, "काकू, राहू द्या, तुम्हाला कळत नाही ते." आमटी आळणीच होती. सगळ्यांनी मीठ घेतलं. पण मी म्हणाले म्हणून कुणी घेतलं नाही.

अक्का त्या दिवसानंतर माझ्याशी वाईट वागली नाही. ती मला हाक मारते, शेजारी बसवते, टीव्ही लावते. एकदा मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"काय?" ती म्हणाली. तिच्या तोंडावर काहीही नव्हतं. पुन्हा विचारायची मला हिंमत झाली नाही.

पोरगी आता आपला पाला आपणच करते. परवा तिने वाडगा माझ्यापुढं आणून ठेवला. वास आला तसं मी ओळखलं, लिंबाऐवजी तिने पुन्हा ती बाटली ओतली होती. आलं जाड किसलं होतं आणि मिसोच्या गुठळ्या तशाच.

"धाकट्या आजी, व्हिनेगर बहुतेक जास्त झालंय," ती म्हणाली. "पण तुम्हाला चालेल ना? तुम्हाला कुठं फरक पडतो."

"चालेल," मी म्हणाले, आणि वाडगा जवळ ओढला.