पाळण्याचा कायदा

आमचे हे, दिनानाथ आचरेकर, इतके भित्रे की दाराची बेल वाजली तरी आधी माझ्या तोंडाकडे बघायचे. मोजणीच्या एका कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते. साहेब नुसता खाकरला तरी हातातली रेघ वाकडी होते, असं स्वतःच सांगायचे. आणि हाच माणूस घरी आला की तीन लाख फौजेचा कारभार बघायचा.

त्या राज्याचं नाव वज्रमरू. चौऱ्याऐंशी साली आम्ही नेरुळच्या नव्या ब्लॉकमध्ये राहायला आलो, तेव्हा सामानात त्याच्याच अकरा वह्या होत्या. सगळं वाळवंट, आणि माणूस जन्मला की शिपाई. मुलाला सात वर्षांपर्यंत नाव नाही, नुसता नंबर. पाणी हुद्द्याप्रमाणे: सुभेदाराला घागर, साध्या शिपायाला ओंजळ. लग्नात नवरानवरी हार घालत नसत, एकमेकांच्या कमरेचा पट्टा आवळत. रडायचं असेल तर वाळूचं वादळ येईपर्यंत थांबायचं, कारण तेव्हा कुणाला दिसत नाही. आणि सम्राटाचा माणूस ज्या घराभोवती तांबडी रेघ ओढेल, ते घर सूर्य बुडायच्या आत रिकामं व्हायचं. मी चेष्टा करायची, "कोथिंबीर आणायची लक्षात राहत नाही, आणि म्हणे फौजा!" पण वाचताना माझ्याही अंगावर काटा यायचा. दिवसभर पोटात दडपलेली भीती हा माणूस त्या वह्यांत ओतत होता, एवढं मला कळत होतं.

सगळ्या राज्यात एकच कायदा मवाळ होता. ज्या दारात पाळणा टांगलेला असेल, तो उंबरा फौज ओलांडत नाही. वाकते आणि मागे फिरते. आमच्या घरात पाळणा टांगायची वेळ आली नव्हती आणि आता येणारही नव्हती. तो कायदा वाचला तेव्हा मी वही मिटली. त्याची चेष्टा मला करवली नाही.

जवळच्या सारसोळे गावची गोजरा कोळीण दर बुधवारी आमच्याकडे मासळी घेऊन यायची. शहाऐंशीच्या मार्चमध्ये एकदा मी तिला पाणी आणायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर ती टेबलावर ह्यांनी काढलेल्या वज्रमरूच्या नकाशापुढे उभी. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण गावात मोजण्या होऊन होऊन नकाशा चांगला वाचता येत होता.

"वयनी, ही आमची खाडी हाय," ती म्हणाली. "ह्यो धक्का. आनि आमची घरां कुठं हायत?"

घरांच्या जागी ठिपके होते. वाळू दाखवायला हे तसे ठिपके काढायचे. पण कचेरीच्या नकाशात ठिपके म्हणजे माती टाकून भराव करायची जागा, हे गोजराला ठाऊक होतं. तिने पाटी उचलली आणि पाणी न पिताच निघून गेली.

रविवारी दुपारी बेल वाजली. जिन्यात वीस-पंचवीस माणसं, पुढे गोजराचा नवरा नामा. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले, कडी मीच काढली. खरं सांगते, आज ह्यांना मारणार असंच मला वाटलं. गोजराचं घर गावठाणाच्या हद्दीबाहेर पडत होतं, आणि तशी अकरा घरं होती. ती जाणार अशी कुणकुण वर्षभर होती. आता पुरावा आमच्या टेबलावर सापडला होता.

"खोटं राज्य आहे हो, माझ्या मनातलं," हे म्हणाले.

"मंग खोट्या राज्याला खाडी आमची कशाला?" नामाने विचारलं.

तीन महिने हे कचेरीत सारसोळ्याचीच मोजणी शाईने उतरवत होते. घरी बसल्यावर हात आपसूक त्याच वळणाने गेला होता. शेवटी खोटेपणा पटवून द्यायला ह्यांनी वही काढली आणि वाचायला लागले. नंबर, ओंजळभर पाणी, तांबडी रेघ. माणसं हसतील अशी माझी अपेक्षा होती. कुणी हसलं नाही.

"ह्यात खोटं काय हाय?" नामा म्हणाला.

मग गोजराने विचारलं, "सायेब, घर वाचंल असा काय कायदा नाय का ह्याच्यात?"

ह्यांनी पाळण्याचा कायदा वाचला. गोजराने तो पुन्हा वाचायला लावला. मग सगळे जिना उतरले. सुटलो बाई, म्हणून मी देवापुढे दिवा लावला.

महिन्याभराने कचेरीने त्या घरांची मापं घ्यायला ह्यांनाच टेप घेऊन सारसोळ्याला पाठवलं. मागे कचेरीतले साहेब आणि पोलीस. संध्याकाळी घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले.

"अकराही दारांत पाळणे टांगलेत गं," ते म्हणाले. "नामाच्या म्हाताऱ्या आईच्या दारातसुद्धा. सगळे रिकामे."

गावाने भलताच अर्थ घेतला होता. त्यांना वाटलं, हा नकाशावाला साहेब भित्रा, कचेरीतलं उघड सांगू शकत नाही, म्हणून गोष्टीच्या आडून आपल्याला वाट दाखवून गेला. कुणी माळ्यावरचा पाळणा काढला होता, कुणी माहेराहून मागून आणला होता.

"गोजरा दारातच उभी होती," हे म्हणाले. "मला बघून हसली. घरचं माणूस आल्यासारखी."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मागून साहेब खाकरले," ते म्हणाले. "मी वाकलो आणि पाळण्याखालून आत गेलो."

मला भयंकर राग आला. ह्यांच्या जागी मी असते तर मागे फिरले असते का, हे मात्र आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

मे महिन्यात ती घरं पाडली. त्यानंतरच्या बुधवारी गोजरा आली, पण डोक्यावर मासळीची पाटी नव्हती. पाळणा होता.

"भाड्याच्या खोलीत ह्यो मावत नाय, वयनी," असं म्हणून तिने तो खाली ठेवला. ह्यांची तब्येत बरी नव्हती, म्हणून हे घरीच होते. ती त्यांच्याकडे वळली. "सायेब, तुमच्या राज्यात तरी फौज मागं फिरते. ह्यो तुमच्याच दारात टांगा. तुमाला कोनी उठवनार नाय."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती बाजारभाव सांगावा तशी बोलली आणि निघून गेली. मला तिची भीती वाटली.

हुक ह्यांनीच ठोकला. त्यानंतर वज्रमरूची वही काही उघडली नाही. रोज सकाळी कचेरीला निघताना मात्र त्यांना दारात वाकावं लागायचं, आणि वाकले की पाय तिथेच अडायचे. मी आतून ओरडायची, "बस चुकेल हो!" मग ते पाळण्याखालून बाहेर पडायचे आणि कामावर जायचे.