मेल चालू ठेवणाऱ्या मॅडम

"चौकट आली का कुणाला?"

सोमवारी सकाळी ऑफिसच्या दारात पाय ठेवला की मॅडम पहिलं हे विचारायच्या. खांद्याला पिशवी तशीच, एका हातानं दाराची कड धरलेली. मी फरशी पुसत असायची. "न्हाय बा कुणाला," मी सांगायची. "मग झालं," म्हणून त्या आपल्या खोलीत जायच्या. नमस्कार नाही, कशा आहात नाही. सुरुवातीला मला वाटलं, बाई शिष्ट आहे.

आमची कंपनी कापड परदेशी पाठवते. माग इचलकरंजीत, ऑफिस कोल्हापुरात. पंचवीसेक माणसं, आणि सगळ्यांचं काम मेलवर. हा मेल एका मोठ्या मशीनमध्ये यायचा. त्याला सर्व्हर म्हणतात. तो मॅडमच्या खोलीत होता. टेबलाटेबलावरचे कॉम्प्युटर दिवसभर त्याला धरून असायचे. धरलेलं सुटलं की पडद्यावर एक चौकट उघडायची आणि पासवर्ड मागायची. एवढंच. पण तेवढ्यानं शिकलेली माणसं कशी गडबडतात, ते तुम्हीही कुठल्या ना कुठल्या ऑफिसात बघितलं असेल. आमचे ऑर्डरी बघणारे पाटील साहेब तोच चुकीचा पासवर्ड तीनदा घालायचे, तिसऱ्यांदा बोटं आपटून, जणू चौकट बहिरी आहे. मग खातं बंद पडायचं आणि ते हाताची घडी घालून बसायचे. टायपिंगची पोरगी सरळ भिंतीवरचं बटण बंद करायची.

मॅडमचं म्हणणं, चौकट येताच कामा नये. सगळ्यांना एकदम अशी माझ्या देखत ती दोनदाच आली, दोन्ही वेळा वीज गेली म्हणून. तरी मॅडम दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या.

सर्व्हरला महिन्यातून एकदा दुरुस्ती लागायची. तो बंद केल्याशिवाय दुरुस्ती होत नाही, आणि बंद केला की सगळ्यांची चौकट येणार. त्यावर मॅडमनी शेजारी दुसरं मशीन ठेवलं होतं. आधी त्याच्यात सगळं उतरवून घ्यायचं, माणसं हळूच तिकडं वळवायची, मग पहिलं बंद करायचं. मी राहते त्या बावड्यात पाण्याची पाईप बदलली तेव्हा असंच केलं होतं. शेजारून दुसरी पाईप टाकली, पाणी वळवलं, मग जुनी उकरली. नळाला पाणी होतं तसंच. बायका आठवडाभर विचारत होत्या, पाईप बदलणार होते, त्याचं काय झालं?

हे काम रविवारी चालायचं. ऑफिसची किल्ली माझ्याकडं, म्हणून मलाही यावं लागायचं. घरी तरी कोण होतं माझ्या? येत होते.

पहिल्या रविवारी मी पायरीवर बसून होते. मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, वाचता येतं ना?"

"चौथी झालीय."

"बास की. पाटील साहेबांच्या खुर्चीत बसा. पडद्याकडं बघायचं. मी आतनं हाक मारीन, चौकट आली का सांगायचं."

तेव्हापासून ते माझं काम झालं. त्या आत मशीनपाशी, मी बाहेर कुणाच्या तरी खुर्चीत. मधे रिकामी टेबलं.

"आली का?"

"न्हाय आली!"

"आता?"

"न्हाय!"

एवढ्या मोठ्या ऑफिसात दोनच आवाज. बाहेर रस्त्यावरनं कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, या दोघी कुणाची वाट बघालत्यात. मी आळीपाळीनं सगळ्यांच्या खुर्चीत बसले. धाकट्या मालकांच्या खुर्चीत पण. ती गोल फिरते. मी फिरून बघितली. मॅडमनी आतनं काचेतनं बघितलं आणि हसल्या. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं.

मेल खरंच जातोय का बघायला त्या स्वतःच स्वतःला पत्र पाठवायच्या. दर पाच मिनिटांनी एक. पत्रात एकच शब्द, 'चाचणी'. एकदा मी त्यांच्या पडद्यावर बघितलं. वरपासून खालपर्यंत 'चाचणी', 'चाचणी', 'चाचणी'. पाठवणाऱ्या त्या, घेणाऱ्या त्या.

"तुम्हाला दुसरं कोण पत्र पाठवत न्हाय?" मी विचारलं.

"पाठवतात की. काही बिघडलं तर."

"आनि न्हाय बिघडलं तर?"

त्यांनी डबा उघडला. "भाकरी घ्या, मावशी."

त्या वारणानगरच्या. वडील साखर कारखान्यात, लहानपण कॉलनीत गेलेलं. आईवडील गेले, तेव्हा कॉलनीतलं घर सोडावं लागलं. भाऊ बंगळूरला, दिवाळीला फोन करतो. इथं त्या राजारामपुरीत एका खोलीत राहायच्या. पन्नाशी उलटलेली. मला आडून विचारता येत नाही. मी विचारलं, "लग्न का न्हाय केलंसा?"

"राहिलं."

"राहिलं म्हंजे? दळण आणायचं राहतं. लग्न कसं राहंल?"

"तसंच राहिलं हो, दळणासारखं. उद्या उद्या म्हणत." आणि मान वळवून, "आता? आली का बघा."

मी बघितलं. नव्हती आली.

मग धाकट्या मालकांनी ठरवलं, मेल बाहेरच्या कंपनीकडं द्यायचा. मशीन त्यांचं, देखरेख त्यांची. आपल्या इथं खोली नको, मशीन नको. सगळं तिकडं नेऊन द्यायचं काम मात्र मॅडमनीच करायचं. त्यांनी विचारलं, "आणि माझं काय?" मालक म्हणाले, "आधी नीट होऊ दे. मग बघू."

त्या 'बघू'वर मॅडम पाच रविवार राबल्या. त्यांना वाटत होतं, एकाचीही चौकट न येता सगळं पार पडलं तर मालकांना कळेल बाईचं काम काय आहे, आणि आपल्याला ठेवून घेतील. मला तसं वाटत नव्हतं. मी तोंडावर बोलले.

"एकदा बंद पडू दे की. एक दिवस. समद्यास्नी चौकट येऊ दे. मग बघा कशी पळत येत्यात तुमच्याकडं."

"मावशी, सोमवारी सकाळी इचलकरंजीतनं माल सुटतो. मेलवर कागद आला न्हाय तर ट्रक तिथंच उभा राहतो. ड्रायव्हर, हमाल, सगळे ताटकळत. माझ्या नोकरीसाठी ट्रक उभा करू?"

"करा."

"न्हाय जमायचं."

"मग बसा," मी म्हटलं. मला राग आला होता. त्या परत कामाला लागल्या आणि मी पुढच्या खुर्चीत जाऊन बसले.

पाचव्या रविवारी संध्याकाळी सगळा मेल नव्या ठिकाणी गेला. सोमवारी माणसं आली, कॉम्प्युटर लावले, पत्रं वाचली, कापडाच्या भावावरनं भांडली. कुणाला काही कळलं नाही. मी चहा देत टेबलाटेबलावरनं फिरत होते आणि प्रत्येक पडद्याकडं बघत होते. एकाचीही चौकट नाही. मॅडम आपल्या खोलीच्या काचेतनं माझ्याकडं बघत होत्या. मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

दुपारी धाकट्या मालकांनी त्यांना बोलावलं. मी चहा घेऊन आत होते.

"झालं पण, मॅडम? काय गडबड नाही, काय नाही. इतकं सोपं होतं तर आपण उगाच घाबरत होतो." मग ते कागद चाळत म्हणाले, "तुमच्यासाठी आता इथं काय काम काढू, मला सुचेना. ह्या महिन्याअखेर तुमचं काम थांबवूया."

मी बोलले. "सोपं न्हवतं, मालक. मी हुते की समोर."

"मावशी, तुम्हाला काय कळतंय त्यातलं? चहा ठेवा."

खरंच होतं. मला त्यातलं काय कळत होतं? पाच रविवार मी फक्त 'न्हाय आली' म्हणत होते. मी चहा ठेवला.

शेवटच्या दिवशी मॅडम सकाळी माझ्याकडं आल्या. "आज माझा शेवटचा दिवस. सगळ्यांना मेलनं कळवलंय. तुमचा मेल न्हाय, म्हणून तोंडी सांगते."

मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे शाल-नारळाची तयारी चालली असेल. पाटील साहेब अशा बाबतीत पुढं असतात. मी काही विचारलं नाही. चार वाजता जास्तीचं दूध आणलं आणि सगळ्यांच्या कपबशा धुऊन ठेवल्या.

मॅडमनी हॉलमधल्या दोन खुर्च्या उचलून आपल्या खोलीत नेल्या. कुणी आलं तर बसायला. मशीनं उचलून नेलेली, त्यामुळं खोलीत जागाच जागा होती. त्या खुर्च्यांसमोर बसल्या. पाच वाजले. पाच वाजून दहा झाले. हॉलमध्ये फोन वाजत होते, कुणीतरी रंगाच्या नमुन्यावरनं हुज्जत घालत होतं. मॅडमनी कॉम्प्युटरवर काहीतरी केलं, तो बंद केला, आणि दोन्ही खुर्च्या परत होत्या तिथं नेऊन ठेवल्या. त्यांना खुर्च्या नेताना बघून पाटील साहेबांनी पाय आत घेतले. बोलणं फोनवर चालूच.

"येते, मावशी."

"थांबा की. बोलवून आणते समद्यास्नी."

"नको. वाचलंय त्यांनी. कामात असतील." आणि जिना उतरून गेल्या. पिशवीत एक पाण्याची बाटली आणि डबा, रोजचंच.

मी तरातरा पाटील साहेबांपुढं जाऊन उभी राहिले. "मॅडम गेल्या. कुणी उठलं पन न्हाय. लाजा वाटत न्हाईत?"

"कुठं गेल्या?"

"नोकरी सोडून गेल्या. मेल टाकलाय की सकाळी."

त्यांनी फोन ठेवला आणि शोधलं. सापडला. उघडलेला नव्हता. शेजारच्यांनी आपापला बघितला. कुणीच उघडलेला नव्हता.

"अवो मावशी, त्यांचं पत्र दर महिन्याला येतंय," पाटील साहेब कानकोंडे झाले. "रविवारी काम हाय, तुम्ही काय करू नका म्हणून. कधी काय झालंय का? मग कोण वाचतंय?"

"आता वाचा. मोठ्यानं."

त्यांनी वाचलं. "सूचना. उद्यापासून मी कामावर नसेन. मेल नेहमीप्रमाणे चालू राहील. आपल्याला काहीही करावे लागणार नाही. आज पाच वाजेपर्यंत मी माझ्या खोलीत आहे."

"फुडं?"

"फुडं काय न्हाय. नाव हाय."

टायपिंगची पोरगी खिडकीपाशी जाऊन खाली बघून आली. रस्त्यावर मॅडम नव्हत्या. पाटील साहेब त्याच पत्राला उत्तर लिहायला लागले. बराच वेळ लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, पण माणूस मनापासून लिहीत होता, हे त्याच्या मानेवरनं दिसत होतं. पाठवलं आणि चष्मा काढला.

मिनिटभरात ते पत्र परत आलं. खाली इंग्रजीत चार ओळी. पाटील साहेबांनी अर्थ सांगितला, घेणाऱ्याचं खातं अस्तित्वात नाही. जाता जाता मॅडमनी शेवटचं स्वतःचं खातं बंद केलं होतं.

पाटील साहेबांनी परत पाठवलं. परत आलं. तिसऱ्यांदाही आलं, तेव्हा त्यांनी टेबलावर हात आपटला आणि त्या रिकाम्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, "मॅडम! अवो मॅडम, मेल जाईना झालाय!"

"कुनाला हाका मारताय?" मी म्हटलं, आणि न वापरलेल्या कपबशा उचलायला लागले.